जुना संगणक, कंपायलर कुठला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका पालकांची तक्रार होती, की कॉलेजात अजून टर्बो सी++ या जुन्या कंपायलरची (लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलून देणारं साधन) निळी स्क्रीन शिकवतात. तक्रार रास्त आहे. सी++ या प्रोग्रामच्या भाषेचं प्रमाण १९९८ साली ठरलं, हा कंपायलर त्याच्याही आधीचा. नव्या लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये (विंडोजआधीच्या डॉस प्रणालीची नक्कल करणारा प्रोग्राम) कोंबून तो मुलांच्या माथी का मारायचा? पण ‘असले जुने कंपायलर भंगारात घाला’ असं शेवटी त्यांनी लिहिलंय, तिथं माझं जमत नाही.

मी वडगावची. आमचे आठ यंत्रमाग होते, आता तीन उरलेत. विणकरांना दिलेलं सूत, आलेल्या साड्या, मजुरी हा सगळा हिशेब १९९१ पासून एका टू-एट्टी-सिक्सवर (डॉसवर चालणारा, सोळा बिटांचा जुना कॉम्प्युटर) चालतो. प्रोग्राम माझाच, टर्बो पास्कल ५.५ मधला (पास्कल भाषेचा, बोरलँड कंपनीचा कंपायलर), टिळकवाडीत क्लास लावून शिकले होते. विणकर कानडी बोलणारे, माझं डोकं मराठीत, चिठ्ठी निघते इंग्रजी अक्षरांत. कुणाचं काही अडत नाही.

अडलं एकदाच, पहिल्या दिवाळीला. एकाच्या नावावर ३३ किलो सूत चढलं आणि चिठ्ठीवर आलं उणे ३२,५३६. म्हणजे आम्हीच त्याचं देणं लागतो! वजन मी ग्रॅममध्ये ठेवलं होतं, आणि पास्कलच्या ‘इंटीजर’ या पूर्णांकाच्या प्रकारात जास्तीत जास्त मावतात ३२,७६७. त्यापुढं आकडा उलटतो. मोठे आकडे मावणारं ‘लाँगइंट’ केलं, भागलं. तो विणकर मात्र अजून विचारतो, वहिनी, माझं ते बत्तीस किलो कधी देताय?

यंदा चिठ्ठीत घटीचा, म्हणजे विणताना कमी भरणाऱ्या सुताचा, रकाना वाढवायचा होता. प्रोग्रामचा मजकूर हार्डडिस्कवर होता, पण कंपायलरच्या फ्लॉप्यांना आपल्याकडच्या पावसानं बुरशी धरलेली. इंजिनिअरिंगला असलेला नातू म्हणाला, “आजी, काय करालीस त्या डबड्यावर? मी देतो की करून.” माडीवर त्याच्या लॅपटॉपवर करून आणलं, तर आमच्या मशीननं सांगितलं, हा प्रोग्राम डॉसमध्ये चालत नाही. मग त्यानं डीजेजीपीपी हा सी भाषेचा कंपायलर काढला. तो डॉसचाच, पण त्याला निदान थ्री-एट्टी-सिक्स, म्हणजे आमच्या पुढचं मशीन लागतं. तिसऱ्यांदा ओपन वॉटकॉम, तोही सीचाच. हा मात्र गुणी: आजच्या लॅपटॉपवर बसून सोळा बिटांच्या डॉससाठी प्रोग्राम बनवतो. चार ओळींचा नमुना आमच्याकडं लगेच चालला. नवं काही लिहायचं असतं तर मी तोच धरला असता. पण माझ्या दोन हजार ओळी पास्कलच्या, त्या सी मध्ये कोण उतरवणार? फ्री पास्कल हा पास्कलचा फुकट कंपायलरही २०१५ पासून ८०८६ साठी, म्हणजे आमच्यासारख्या सोळा बिटांच्या मशीनसाठी, प्रोग्राम करून देतो, पण एक स्वल्पविराम चुकला तरी लॅपटॉपवर दुरुस्त करून फ्लॉपी घेऊन माडीवरनं खाली यायचं. माझे गुडघे आता तसे राहिले नाहीत.

शेवटी कळलं, की बोरलँडनं ५.५ आवृत्ती पुढं फुकट देऊन टाकली होती. नातवानं ती उतरवली, यूएसबीच्या ड्राइव्हनं फ्लॉपीवर घातली. कंट्रोल-एफ९ (प्रोग्राम चालवायची कळ) दाबलं आणि चहा उकळायच्या आत नवा रकाना छापून आला. पोराला खरं नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. तो ज्या टाइपस्क्रिप्ट भाषेत दिवसभर काम करतो ती करणारे अँडर्स हायल्सबर्ग, आणि टर्बो पास्कलचा मूळ कंपायलरही त्यांचाच. १९८३ साली तो ५० डॉलरच्या आत मिळायचा. तिसरी आवृत्ती तर ४० केबीतच बसायची. आता पोरगं माझ्या मशीनला डबडं म्हणत नाही.

तेव्हा पालकमहाशय, कॉलेजातनं टर्बो काढा, मी सही करायला येते. पण प्रोग्राम चालणार कुठल्या मशीनवर, हे बघून कंपायलर धरायचा असतो.

जाता जाता एक विनंती. कुणाच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासात साडेतीन इंची, १.४४ एमबीच्या कोऱ्या फ्लॉप्या पडून असतील तर टाकू नयेत, आपल्या कार्यालयात ठेवाव्यात. मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
एक वाचक, वडगाव, बेळगाव