हसणं सोडू नकोस

पुणे

प्रिय प्रसन्न,
जय ख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. चर्चच्या तरुण संघाचा सेक्रेटरी झालास, फार आनंद झाला. पण पुढचं वाचून काळजी वाटली. 'आता पदाची जबाबदारी आहे, थट्टामस्करी बंद. शिबिरातली शेकोटीची रात्रही यंदा रद्द,' असं तू लिहिलंस. मंडळीच्या पंचांपैकी कोणी तरी 'पुढाऱ्याला खिदळणं शोभत नाही' म्हणाले आणि तू ते मनाला लावून घेतलंस.

असं करू नकोस, प्रसन्न. मंडळीतली निम्मी पोरं तुझ्या हसण्याने आत आली आहेत. गंभीर चेहरा म्हणजे प्रौढपणा, हे आपल्याकडे कसं रुजलं कोण जाणे. शास्त्रात तर ते मला सापडत नाही. प्रेषित पौल तुरुंगातून फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहितो, 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. पुन्हा म्हणेन, आनंद करा.' हे वचन आपण भिंतीवर लावतो. त्याला लागूनच पुढचं वचन आहे: 'तुमची सहनशीलता सर्व माणसांना कळून येवो.' ते मात्र कोणी लावत नाही. मला ही दोन्ही वचनं एकत्रच वाचावीशी वाटतात. आनंद करायचा, पण समोरच्याला सांभाळून घेत.

आणि म्हणून त्या पंचांचं म्हणणं मला अगदीच झटकून टाकता येत नाही. मागच्या शिबिरातली शेकोटी आठव. राहुरीकडून आलेला तो मुलगा वचन वाचताना अडखळायचा. त्याच्या वाचनाची नक्कल झाली, सगळे पोट धरधरून हसले. तोही हसत होता. पण मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. मांडीवरच्या गीतपुस्तकाचा कोपरा तो दुमडत होता, उलगडत होता, पुन्हा दुमडत होता. शेवटी तो तुकडा हातातच आला. त्यानंतर त्याने वाचायला कधी हात वर केला नाही. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या 26व्या अध्यायात शेजाऱ्याला फसवून 'मी तर गंमत केली' म्हणणाऱ्याला कोलिते आणि बाण फेकणाऱ्या वेड्याच्या पंक्तीला बसवलं आहे. मला ते जराही कठोर वाटत नाही.

आता योहानाच्या शुभवर्तमानातलं, प्रभू येशू गेला होता ते काना गावचं लग्न बघ. द्राक्षारस संपला, म्हणजे यजमानाची चारचौघांत शोभा होणार. प्रभूने तिथे 'बरं झालं, आता जरा गंभीर व्हा' असं सांगितलं नाही. सहा दगडी रांजण, एकेकात दोन-तीन मण पाणी मावेल एवढे, काठोकाठ भरायला लावले, आणि त्या पाण्याचा द्राक्षारस झाला. भोजनकारभाऱ्यालाही कळलं नाही की हा द्राक्षारस आला कुठून. माहीत होतं ते फक्त पाणी काढणाऱ्या चाकरांना. लग्नघरातली मजा चालू राहिली आणि त्या घराची लाजही राखली गेली. योहान म्हणतो, हे त्याचं पहिलं चिन्ह. मला तर आपल्या सगळ्या थट्टामस्करीची कसोटी इथेच दिसते: या हसण्याने कोणाची लाज राखली जाते, की कोणाची उघड्यावर येते?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही हीच कसोटी लाव. बायकांवरचे, दुसऱ्यांच्या जातीधर्मावरचे विनोद तिथे येतात आणि खाली आपलेच लोक हसरे चेहरे टाकतात. सेक्रेटरी म्हणून तू तिथे स्पष्ट बोल. कटू वाटलं तरी बोल.

आणि तू तर नगरचा. लक्ष्मीबाई टिळकांना विसरून कसं चालेल? त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं असेल! पुढे स्वतः प्रभूकडे येईपर्यंत किती वर्षं गेली, किती ओढाताण झाली. तरी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्या आपल्या दुःखाबद्दल लिहिता लिहिता आपल्याला हसवतात, आणि त्यातला बराचसा विनोद स्वतःच्याच सोवळ्याओवळ्यावर, स्वतःच्याच भाबडेपणावर असतो. इतकं सोसलेल्या बाईच्या लेखणीत कडवटपणा नाही. चारित्र्य याहून वेगळं काय असतं?

तर शेकोटी ठेव. नक्कल करायचीच तर आपली स्वतःची करू. माझ्या स्कूटर चालवण्याची नक्कल करायला मी तयारच आहे. भजनांच्या भेंड्या लाव, आणि ज्यांनी तुला बोल लावला त्या काकांनाच एका गटाचं पुढारीपण दे. टिळकांची भजनं त्यांना तोंडपाठ आहेत, पोरांचा धुव्वा उडवतील. राहुरीच्या त्या मुलाला पत्र नको पाठवू, तू स्वतः त्याच्या घरी जा. क्षमा माग आणि शिबिराला घेऊन ये. वाचायचा आग्रह धरू नकोस. ढोलकी तो उत्तम वाजवतो, ती त्याच्याकडे दे.

मी शुक्रवारी संध्याकाळच्या एसटीने निघतो. काकूंना सलाम सांग, आणि माझ्यासाठी ज्वारीची भाकरी करायला सांग.

तुझा,
सुहास