फिजिओ मॅडमना उघडं पत्र

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दुखणं गेलं की पेशंटही जातो, असं तुम्ही एकदा हसत म्हणाला होतात. माझी टाच अजून पुरती बरी नाही आणि मीही कुठे गेलेलो नाही, तरी आभार आत्ताच मानतो. उघडपणे मानायचं कारण म्हणजे पन्नाशी ओलांडलेले ट्रायथलॉनवाले (पोहणं, सायकल आणि धावणं एकाच शर्यतीत करणारे) मला सारखं विचारतात, "ट्रेनिंग बंद न करता दुखणं आटोक्यात आणलंस कसं?" उत्तर तुमचं आहे, तेव्हा ते तुमच्याच नावावर जमा व्हावं.

तुमच्याकडे आलो तेव्हा आकड्यांची वानवा नव्हती. पोहण्याचा दर शंभर मीटरचा वेळ, सायकलचे वॅट, धावण्याचा पेस, हार्ट रेट, झोप, सगळं घड्याळ टिपत होतं. तुम्ही ते शेवटपर्यंत पाहिलंत आणि विचारलंत, "सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं कशी पडतात?" ते कुठेच नोंदलेलं नव्हतं. मी काय केलं ते घड्याळाला लगेच कळतं. टाचेला ते मानवलं का, हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागतो.

तेव्हापासून वहीत सकाळच्या दुखण्याचा रकाना आला, ० ते १०. सोबत नियम आला: धावताना दुखणं ५ पर्यंत गेलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते नेहमीच्या पातळीवर उतरलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. दुखत असताना पळू देणारं कोणी मला तोवर भेटलं नव्हतं. मी शंका काढली, तेव्हा तुम्ही स्वीडनच्या कॅरिन सिल्बरनागेल आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास समजावून सांगितलात. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारा दोर, दुखणाऱ्यांपैकी एका गटाने या मर्यादेत धावणं-उड्या चालू ठेवल्या, दुसऱ्याने पहिले सहा आठवडे बंद ठेवल्या. चालू ठेवणारे मागे पडले नाहीत. मात्र टाचेचे व्यायाम दोन्ही गटांना सारखेच होते. मी हा नियम कोणाला सांगितला की पहिलं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं आणि हे शेवटचं कोणाच्याच नाही.

व्यायाम कंटाळवाणे आहेत, हे तुमच्यासमोरही बोललो आहे. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची, आधी गुडघा सरळ ठेवून, मग वाकवून, म्हणजे पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूलाही काम पडतं. पण धावण्याचा रकाना रिकामा जात होता त्या काळात एका पायावर किती वेळा टाच उचलता येते ते डावं-उजवं वेगळं मोजायला लावलंत, आणि मला रोज बघायला एक चढता आकडा मिळाला. आमच्यासारख्या माणसांना तो लागतोच. तो नसता तर मी तो दुसरीकडे शोधला असता, बहुधा चढावर.

टेंडनचा हिशेब स्नायूपेक्षा संथ चालतो, हेही तुम्हीच समजावलंत. भार पडल्यानंतर साधारण पहिले २४ ते ३६ तास त्यात बांधणीपेक्षा मोडतोड जास्त असते. म्हणून आता धावण्याच्या दोन दिवसांमध्ये पोहणं किंवा सायकल. पोहण्यातही भिंतीला पाय लावून जोरात उसळी मारली की पोटरीच कामाला लागते, हे किती जणांना सुचलं असतं? सायकलच्या बुटाची क्लीट (तळव्याखालची, पेडलला अडकणारी पट्टी) थोडी मागे सरकवायला सांगितलीत, त्यानेही फरक पडला.

एकूण भार मोजायला मी अमेरिकी क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची पद्धत वापरायचो: मिनिटं गुणिले ० ते १० मधली दमछाक. ६० मिनिटं पोहणं चारच्या जोराने म्हणजे २४०, ४० मिनिटं धावणं सातच्या जोराने म्हणजे २८०. तीन खेळांची बेरीज करायला हे छानच आहे. तुम्ही ती बेरीज खोडली नाहीत, फक्त शेजारी लिहिलंत: "हे हृदयाचं खातं. टाचेचं वेगळं ठेवा." टाचेच्या खात्यात फक्त धावणं, चढ आणि वेगाचे तुकडे. आठवड्याची एकूण बेरीज स्थिर दिसत असताना हे दुसरं खातं केव्हाच फुगलेलं असतं, आणि एकट्या बेरजेकडे बघणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

वयाबद्दल तुम्ही कधी उपदेश केला नाहीत. '२२० वजा वय' या सूत्राने माझा कमाल हार्ट रेट १६३ येतो. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या '२०८ वजा ०.७ गुणिले वय' या सूत्राने १६८. दोन्ही सरासरीच, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. तुम्ही घड्याळाने आखलेले हार्ट रेटचे झोन (हलका, मध्यम, जोराचा असे टप्पे) बाजूला ठेवायला लावलेत आणि मला बोलता येतंय की धापा टाकतोय ते लिहायला सांगितलंत. चाळिशीतल्या वेळा मी वहीच्या पहिल्या पानावर मिरवत होतो. आता तुलना मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी, तीही सकाळचा आकडा सारखा असेल तरच. हे गोड लागतं असं नाही. पण आमच्या खेळात गट पाच-पाच वर्षांचे असतात आणि वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं धरतात. नव्या गटात आपणच सगळ्यांत तरुण, म्हणून वाढदिवसाची इतकी वाट लहान मुलांखेरीज आम्हीच बघत असू.

आणखी एका गोष्टीबद्दल आभार. जपानच्या हिरोमु इनादांनी २०१८ मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी हवाईची आयर्नमॅन मुदतीत पूर्ण केली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर मॅरेथॉन! मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण टाच सुजलेली असताना ओळखीतल्या प्रत्येकाने मला त्यांचा फोटो पाठवला. तुम्ही पाठवला नाहीत.

आता स्प्रिंट अंतराच्या शर्यतीला नाव द्यायचं म्हणतोय: ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. टाच सकाळी १, कधी २. उजवा खांदा मात्र हात डोक्यावर नेताना ३ सांगतोय आणि तो आकडा हलत नाही. हँड पॅडल (तळहातावर बांधायच्या चकत्या) लावून पोहणं थांबवू की नुसतं अंतर कमी करू? वही घेऊन येतोच आहे.

आपला,
साठीच्या गटाकडे डोळे लावून बसलेला पेशंट