नवीन कूलर बसवताना आपल्या तंत्रज्ञाकडून निकामी झालेल्या प्रोसेसरच्या भरपाईबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष सेवेमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणे आणि जॉब शीटवरील (तंत्रज्ञाच्या कामाच्या नोंदपत्रावरील) चुकीची नोंद दुरुस्त होणे.

महोदय,

मी नागपुरात घरूनच पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे व मांडणीचे काम करते. दि. १४ मे २०२५ रोजी आपल्या नागपूर शाखेतून मी संगणकाच्या प्रोसेसरसाठी, म्हणजे त्याच्या मुख्य चिपसाठी, ती थंड ठेवणारा एक मोठा कूलर २,३५० रुपयांना विकत घेतला आणि तो घरी येऊन बसवून देण्याचे ५०० रुपये वेगळे भरले. दोन्ही रकमा एकाच बिलावर आहेत. दुसऱ्या दिवशी हा कूलर बसवताना आपल्या तंत्रज्ञाच्या हातून माझा चालू स्थितीतला प्रोसेसर निकामी झाला. भरपाई मागितल्यावर आपल्या कार्यालयाने ‘तुटफूट वॉरंटीत बसत नाही’ एवढ्या एका वाक्यात ती नाकारली. त्या उत्तरावर माझी ही तक्रार आहे.

माझा प्रोसेसर रायझन ५ ५६०० हा आहे. २०२३ साली घेतल्यापासून त्याने एकदाही त्रास दिला नव्हता. फक्त मे महिन्यातल्या दुपारी त्याच्यासोबत आलेला लहान पंखा अपुरा पडे, तापमान ९० अंशांच्या आसपास जाई आणि काम मंदावे. तंत्रज्ञाने काम सुरू करण्यापूर्वी संगणक चालू करून पाहिला आणि जॉब शीटवर ‘मशीन चालू, तापमानाची तक्रार’ असे स्वतःच्या हाताने लिहिले. ही नोंद कृपया लक्षात ठेवावी.

पुढे जे घडले ते समजण्यासाठी या प्रोसेसरची रचना पाहावी लागेल. तो एएम४ सॉकेटचा आहे; सॉकेट ही मदरबोर्डवरची, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरची, प्रोसेसर बसवायची जागा. या प्रकारात त्याच्या १,३३१ पिना सॉकेटमध्ये नसून प्रोसेसरच्याच तळाला असतात. २०२२ साली आलेल्या एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये गेल्या आणि प्रोसेसर वरून धातूच्या चौकटीने दाबून धरला जाऊ लागला. एएम४ मध्ये मात्र अशी चौकट नाही; बाजूची दांडी खाली केली की सॉकेट पिनांना आतून धरून ठेवते, एवढाच काय तो आधार. दोन वर्षांत थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेण्यासाठी प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावलेला लेप) वाळून घट्ट झालेली असेल, तर कूलर सरळ वर ओढल्यावर दांडी बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. म्हणूनच संगणक आधी दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट गरम करायची, मग वीज बंद करून स्क्रू काढायचे आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा झाल्यावरच उचलायचा, ही साधी पद्धत आहे. हे काम रोज करणाऱ्याला ती ठाऊक असलीच पाहिजे.

आपल्या तंत्रज्ञाने संगणक क्षणभर चालू करून लगेच बंद केला, चारही स्क्रू काढले आणि जुना कूलर जोराने वर ओढला. प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर आला. तो सोडवण्यासाठी त्याने चपटा स्क्रू ड्रायव्हर मध्ये घालून रेटा दिला, आणि प्रोसेसर निसटून पिनांच्या बाजूने टेबलावर पडला. एका कोपऱ्यातल्या आठ-नऊ पिना वाकल्या. मी तिथेच उभी होते आणि त्याला थांबायला सांगत होते. वाकलेल्या पिना भिंगाखाली, पातळ कार्डाने किंवा शिसे भरायच्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या पोकळ टोकाने, सावकाश सरळ करता येतात, त्यामुळे तोपर्यंतची चूक निस्तरण्यासारखी होती. परंतु त्याने माझ्याच टेबलावरचा कागद कापायचा चाकू उचलून पिना सरळ करायला घेतल्या आणि त्यांतली एक मुळापासून तुटली. त्यानंतर संगणक सुरू झालाच नाही. पडदा काळा राहिला आणि मदरबोर्डवर प्रोसेसरच्या बिघाडाचा लाल दिवा लागला.

निघताना त्याच जॉब शीटवर त्याने ‘प्रोसेसर सदोष, ग्राहकाने बदलून घ्यावा’ असे लिहिले. मी सही करण्यास नकार दिला. पैशांच्या नुकसानीपेक्षा हे वाक्य मला अधिक लागले, कारण तासाभरापूर्वी चालू असल्याची नोंद ज्याने केली, त्यानेच दोष माझ्या वस्तूवर ढकलला. नंतर एका परिचितांचा त्याच जातीचा प्रोसेसर लावून पाहिला असता संगणक व्यवस्थित चालला. याचा अर्थ नुकसान प्रोसेसरपुरतेच आहे.

आपल्या उत्तराबाबत माझे म्हणणे असे आहे. वॉरंटी ही प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने दिलेली हमी आहे. पिन तुटलेला प्रोसेसर त्या कंपनीने नाकारला तर तिचे चुकत नाही, आणि मी तिच्याकडे गेलेलेही नाही. मी आपल्याकडे आले आहे ते आपण ५०० रुपये घेऊन केलेल्या कामासाठी. जे काम मोबदला घेऊन केले, ते पुरेशा कौशल्याने व काळजीने न करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) नुसार सेवेतील त्रुटी ठरते. वॉरंटीची अट पुढे करून ही जबाबदारी टळत नाही.

त्या मुलाने मला सांगितले की या सॉकेटचे काम तो पहिल्यांदाच आणि एकटा करत होता. त्याला तसे पाठवण्याचा निर्णय शाखेचा होता. तेव्हा भरपाईची रक्कम त्याच्या पगारातून कापली जाऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

नऊ दिवस काम बंद राहिले आणि हातातले एक पुस्तक दुसऱ्याकडे सोपवावे लागले. त्याची रक्कम कोणत्याही बिलावर दाखवता येत नसल्याने मी ती मागत नाही. त्याच जातीचा नवा प्रोसेसर किंवा माझ्या बिलाप्रमाणे १२,४०० रुपये, बसवण्याचे घेतलेले ५०० रुपये परत आणि जॉब शीटवरची ‘सदोष’ ही नोंद लेखी मागे घेणे, एवढीच माझी मागणी आहे. दोन्ही बिले, जॉब शीट आणि तुटलेल्या पिनेची छायाचित्रे सोबत जोडली आहेत; प्रोसेसर मी जसाच्या तसा जपून ठेवला असून आपल्या जाणकार माणसाने तो केव्हाही येऊन पाहावा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तशी वेळ आपण येऊ देऊ नये, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, नागपूर