वायरिंगच काय ते राहिलं?

फैजपूर

प्रिय दिनू,

काय भो, जुन्या पिकअपमध्ये तू दुसऱ्या गाडीचं कॉमन रेल इंजिन टाकतोयस. "इंजिन बसलं, आता वायरिंगच काय ते राहिलं" असं तू फोनवर म्हणालास आणि मला हसू आवरेना. मांडव घातलाय, नवरी तेवढी बघायची राहिलीये, त्यातली गत!

आपल्या जुन्या डीआय, म्हणजे साध्या पंपाच्या डिझेल पिकअपचं काम साधं होतं. पंपाच्या सोलेनॉइडला करंट, हीटर प्लग, सेल्फ, अल्टरनेटर, संपलं. कॉमन रेलमध्ये डिझेल कधी सोडायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा) आणि रेल प्रेशर सेन्सर (डिझेलचा दाब सांगणारा) यांच्याकडून खबर मिळाल्याशिवाय तो इंजेक्टर उघडतच नाही. म्हणून माझं ऐक, दोन्ही गाड्यांचे लूम (वायरींचे जुडगे) एकमेकांत गुंफू नकोस. ज्या गाडीचं इंजिन आणलंस तिचाच ईसीएम, अख्खा लूम, रिले-फ्यूजचा डबा, अॅक्सिलरेटर पेडल, चावी आणि कुलपाभोवतीची इमोबिलायझरची (चावी ओळखणारी) रिंग उचलून आण. चावी दुसरी असेल तर सेल्फ फिरत राहील, इंजिन काही उठणार नाही. भंगारवाला कपलर (वायरी जोडायचे प्लग) कापून देत असेल तर सरळ नको म्हण.

लाइट, हॉर्न, वायपर जुन्या लूमवरच राहू दे. टेंपरेचरच्या जुन्या मीटरला त्याचा जुनाच सेंडर (तापमान कळवणारा भाग) वेगळा बसव, ईसीएमच्या सेन्सरला हात लावू नकोस.

आता असंच काम करताना आमच्याकडे झालेला घोळ सांगतो. सेल्फ झकास फिरायचा, पण इंजिन पकडेना. सगळ्यांचा संशय डिझेलवर. आबा तर फिल्टर बदला म्हणून हटूनच बसले. शेवटी धाकट्याला चावीवर बसवलं आणि मी मल्टीमीटर ईसीएमच्या इग्निशन पिनला लावला. चावी ऑन केली की 12 व्होल्टच्या वर, सेल्फ मारला की शून्य! जुन्या स्विचचे काही टर्मिनल सेल्फ मारताना करंट तोडतात. सेल्फच्या वेळीही चालू राहणाऱ्या टर्मिनलवर ती वायर घेतली आणि इंजिन उठलं. आबा अजूनही म्हणतात, फिल्टर बदलायलाच हवा होता.

अर्थिंगमध्ये कंजुषी नको. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ब्लॉकला आणि शासीला जाड केबल टाक, शासीवरचा रंग खरवडून. सेन्सरची अर्थिंगची वायर मात्र शासीला नाही, ती ईसीएमलाच परत जाते. आणि ईसीएम केबिनमध्ये डॅशखाली बसव. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, त्यात बॉनेटखालची धग वेगळी. कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या) दोन पिळलेल्या वायरी बॅटरी काढून ओहमवर मोज, 60 च्या आसपास यायला हवेत. 120 आले तर एका टोकाचा रेझिस्टर गेला समज. काही गाड्यांत तो मीटरच्या डब्यात असतो, आणि तो डबा तू भंगारवाल्याकडेच टाकून आला असशील.

कागदांचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. धुळ्याला चक्कर मारून ये.

सध्या केळीच्या गाड्या भरायची गडबड आहे, ती आटोपली की स्कॅनर (ईसीएममधले दोष वाचणारं यंत्र) घेऊन शिरपूरला येतो. तोवर ईसीएमवरच्या लेबलचा आणि सगळ्या कपलरचे फोटो पाठव. कोणत्याच वायरीला कापायचा चिमटा लावू नकोस.

तुझा,
पंड्या