रशियन शिकायचं तर मराठीतून

मॉस्को, फेब्रुवारी

प्रिय मन्या,

पत्र मिळालं. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला रशियनचा डिप्लोमा धूळ खात पडलाय, आता इकडे येऊन पुढचं रशियन करावं का, असं विचारतोस. कर. पण येण्याआधी एक सवय पुण्यातच टाकून ये, इंग्रजीतून रशियन शिकायची.

आपण शिकलो ते इंग्रजीतूनच. पुस्तकं तशी, कोश तसे. सुरुवातीला भागतं, पुढे इंग्रजी पायात येते. 'स्वोय', म्हणजे स्वतःचा, हे सर्वनाम घे. त्याने त्याचं पुस्तक नेलं, म्हणजे नक्की कुणाचं, यावर वर्गातली युरोपीय मुलं अजून वाद घालतात. आपण 'आपलं पुस्तक' म्हणून मोकळे होतो. 'म्न्ये होलद्ना' म्हणजे 'मला थंडी वाजतेय', 'म्न्ये न्राव्यित्सा' म्हणजे 'मला आवडतं'. दोन्हीकडे 'मला'च. यात इंग्रजीला मध्ये घालून काय मिळतं?

तुला सगळ्यात छळलं ते क्रियापदांच्या जोड्यांनी. एकाच क्रियेला दोन क्रियापदं, एक काम पुरं झालं म्हणून, दुसरं चालू किंवा नेहमीचं म्हणून. त्यांना 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' अशी लेबलं लावून आपण पाठांतर करायचो. आता 'पिसात्' म्हणजे लिहिणं, हे घे. 'दापिसात्' म्हणजे उरलेलं लिहून संपवणं, 'झापिसात्' म्हणजे लिहून घेणं, 'पिरिपिसात्' म्हणजे पुन्हा लिहून काढणं. संपवणं, घेणं, काढणं! खाऊन टाकलं, बोलून बसला, हे आपण दिवसभर करतो. तिकडे तेच काम बरंचसं उपसर्गावर पडतं. हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण कान तयार असतो.

मेट्रोत घोषणा होते, 'नि ज़ाबिवायत्ये स्वाई व्येशी', आपल्या वस्तू विसरू नका. त्यात 'स्वोय' आलंच, आणि नकारार्थी आज्ञा म्हणून क्रियापद अपूर्ण. पण होस्टेलची आजी दारातून ओरडते 'नि उपाजी!', म्हणजे 'पडू नकोस', तेव्हा क्रियापद पूर्ण असतं. नियम असा, की मनाई असेल तर अपूर्ण, आणि नकळत होणाऱ्या गोष्टीचा इशारा असेल तर पूर्ण. व्याकरणात यावर पानंच्या पानं आहेत. आपण मात्र बर्फावरून चालणाऱ्याला 'पडू नकोस' म्हणत बसत नाही, 'पडशील हं!' म्हणतो. ती आजी तेच म्हणते.

एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते. वर्गात बोलायचं होतं, मी अण्णाभाऊ साठ्यांवर बोललो. 1961 साली ते इथे आले होते आणि 2022 मध्ये इथल्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. 'मॉस्कोला आलेला लेखक', 'खेड्यात वाढलेला मुलगा' अशी वाक्यं आपण चहा पितानाही बोलतो. रशियनमध्ये अशी धातुसाधितं म्हणजे वर्तमानपत्र, कोर्ट, प्रबंध. बोलताना 'कतोरी' लावून 'लेखक, जो आला' असंच म्हणतात. बाईंनी सगळ्यांनाच एक मजकूर दोनदा करायला लावला, एकदा लिहिण्यासाठी, एकदा बोलण्यासाठी. पुढच्या अभ्यासात खरं काम हेच आहे. शब्द वाढतातच, पण कोण कुठे कसं बोलतो हे कळायला वेळ लागतो.

विषयाचं नाव 'आधुनिक रशियन भाषा', आणि जुन्या परंपरेत ही आधुनिकता पुश्किनपासून सुरू होते. तो 1837 मध्ये गेला! ध्वनी, शब्दसिद्धी, रूपं, वाक्यरचना असं ते नीट मांडून शिकवतात. तास नसतोच, 'पारा' असते, 90 मिनिटांची. तोंडी परीक्षेत टेबलावरून 'बिल्येत' उचलायचं, त्यावर जे प्रश्न असतील त्यांवर बोलायचं. परदेशी विद्यार्थ्यांची 'ते-एर-का-इ' परीक्षा वेगळी. तिचे भाग पाच, शब्द-व्याकरण, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, आणि पास व्हायला साधारण 66 टक्के. मला ऐकण्याची धास्ती असते, लेखनाची नाही.

पुस्तकाबाहेर गेलास की मजा येते. संख्यांना विभक्ती लावताना रशियनांचीही त्रेधा उडते. 'पाचशेच्या सुमारास' म्हणायला 'पितिसोत' हवं, लोक बिनदिक्कत 'पितिस्ता' म्हणतात. 'कोफे', म्हणजे कॉफी, पुल्लिंगी की नपुंसकलिंगी यावर 2009 मध्ये देशभर भांडण झालं, कारण सरकारी यादीतल्या कोशाने बोलण्यात नपुंसकलिंग चालवून घेतलं. डॉक्टर हा शब्द पुल्लिंगी, बाई असेल तर क्रियापद स्त्रीलिंगी, 'व्राच प्रिश्ला'. आपल्या 'डॉक्टर आल्या'सारखंच. 'अवतोरका' (लेखिका) वगैरे नवी स्त्रीलिंगी रूपं काढली की मात्र निम्मी खोली चिडते. 2023 मध्ये तर राज्यभाषेच्या कायद्यात दुरुस्ती करून अधिकृत वापरातल्या परकीय शब्दांवर बंधन घातलं. खालच्या मजल्यावरची पोरं तरी इंग्रजीतून आलेल्या 'क्रिंझ' आणि 'हाइप'शिवाय वाक्य पुरं करत नाहीत. कायद्याने पोरांची जीभ वळत नसते, आपल्याकडे तरी कुठे वळली?

व्यवहाराचं सांगतो. भाषा कमी पडली तर आधी एक वर्ष 'पद्फाक', म्हणजे तयारीचा वर्ग. कमीपणा वाटून घेऊ नकोस, फायदाच होतो. आपली बँककार्डं इथे चालत नाहीत, सुरुवातीचे पैसे रोख आण. थंडीचे बूट पुण्यातून घेऊ नकोस, इथेच घे.

आणि तुझ्याकडचं मराठी व्याकरणाचं जाड पुस्तक मला हवंय. संयुक्त क्रियापदांवर टिपण करतोय, स्मरणावर भागत नाही. तू येणार नसशील तर कुणी येणाऱ्याबरोबर पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अव्या