सीगलवर दगड उचलण्याआधी

सप्रेम नमस्कार. मोठ्या सीगल पक्ष्यांना ‘खुनशी’ ठरवणारा मजकूर वाचून वाईट वाटलं. काळ्या पाठीच्या मोठ्या सीगलचा पंखविस्तार दीड मीटरच्या आसपास. त्याला अख्खा पफिन (एक छोटा समुद्रपक्षी) गिळताना मी पाहिलंय. गळ्यातला फुगवटा हळूहळू खाली सरकत होता. बघवत नाही, पण ती शिकार आहे, दुष्टपणा नव्हे.

अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पाजवळ केल्प जातीचे सीगल जिवंत देवमाशांच्या पाठीची कातडी आणि चरबी टोचून खातात. देवमाशांच्या पिल्लांचे हाल होतात, तिथे उपाय हवाच.

सीगलची माणसावरची झडप मात्र बरेचदा स्वतःच्या पिल्लाला वाचवण्यासाठी असते, म्हणून दगड उचलण्याआधी कृपया आजूबाजूला बघा. माझ्या टोपीला पंख घासला तेव्हा पायाशीच करडं, ठिपकेदार पिल्लू दबून बसलं होतं. मी चार पावलं मागे सरलो, तसा तो सीगल छतावर जाऊन बसला.

— एक पक्षीनिरीक्षक