साखरेचा हिशेब आपल्या शरीराच्या मापाने करा

मा. संपादक,
स. न.

आरोग्य पुरवण्यांत बीएमआयचा (किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) तक्ता अनेकदा छापला जातो आणि त्यात '२५ च्या आत वजन योग्य' असे असते. ही रेषा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवरून आखलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी २३ पासून सावध व्हा असे सुचवले. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या निकषांत २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरला आहे. ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांची मधुमेहाची तपासणीही तिथे २३ पासूनच सुचवतात. तरी इथे, आपल्याच घरी, जुना तक्ता चालतो आणि २४ बीएमआयचा माणूस निर्धास्तपणे चहात दोन चमचे साखर टाकतो.

आपली रेषा खाली का, याचे कारण पुण्यातच शोधले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोड-फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. हा फरक जन्मापासूनच दिसतो. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान भरले, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती.

साखरेचा संबंध इथे येतो. साखरेचा निम्मा भाग ग्लुकोज, निम्मा फ्रुक्टोज. जेवणानंतरचे ग्लुकोज मुख्यतः स्नायू उचलतात; आपले स्नायूच कमी, म्हणून ते रक्तात जास्त वेळ रेंगाळते. फ्रुक्टोजचा बराच भार यकृतावर पडतो आणि गरजेपेक्षा जास्त आले की तिथे त्याची चरबी होते. मांडी-नितंबांच्या त्वचेखाली ती साठवायची आपली जागा लवकर भरते, मग ती पोटात आणि यकृतात साचते. वजनकाट्यावर हे दिसत नाही.

वंशानुसार साखरेचा परिणाम बदलतो, याचे एक टोकाचे उदाहरण ग्रीनलंडचे. तिथल्या शंभरातल्या दोन-तीन जणांच्या आतड्यात जनुकीय बदलामुळे साखर फोडणारे विकरच (एन्झाइम) काम करत नाही. साखर न पचता पुढे जाते आणि ही प्रौढ माणसे इतरांपेक्षा सडपातळ आढळली. आपल्याला असे संरक्षण नाही.

आता प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, म्हणजे २००० किलोकॅलरींच्या आहारात ५० ग्रॅम, आणि जमल्यास २५ ग्रॅम. आपण २५ चीच धरावी, असे आमचे मत आहे. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ४० ग्रॅम तिथेच संपले. श्रीखंडाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४० ग्रॅम, उसाच्या रसाच्या एका पेल्यात ३० च्या आसपास. पेयातली साखर सर्वांत वाईट, कारण ती भराभर पोहोचते आणि पोट भरल्याची जाणीव देत नाही. गुळाने फारसे काही बदलत नाही. त्याचाही मोठा भाग साखरच असतो. पाकिटावर 'ॲडेड शुगर' ही ओळ वाचा, पण माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, पटकन ग्लुकोज होणारी पूड) त्या ओळीत धरले जात नाही, म्हणून घटकांची यादीही पाहा. साखर सोडून मैदा आणि पांढरा भात वाढवला तर मात्र काहीच साधत नाही.

कंबर मोजताना नेहमी चूक होते. टेप पँटच्या पट्ट्यावर नको. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर मोजा. पुरुषांची ९० सेंमी, स्त्रियांची ८० सेंमी ही आपली मर्यादा आहे. तपासणीत फक्त एचबीएवनसीवर (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा सांगणारी चाचणी) विसंबू नये: लोहाच्या कमतरतेने झालेल्या पांडुरोगात तो आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो आणि आपल्या स्त्रियांत पांडुरोग फार आहे. शंका असेल तर उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर तपासावी. दुसरा आकडा १४० ते १९९ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आला तर ती मधुमेहपूर्व अवस्था. २०० पासून पुढे मधुमेह.

पुढच्या वेळी तक्ता छापताना २३ चा आकडा आणि कमरेची ही दोन मापे त्यात घालावीत, ही कळकळीची विनंती.

आपले,
आहारशास्त्राचे अभ्यासक, पुणे